पीडीएफ केली म्हणून मूळ फाइल डिलीट करू नका

सध्या एक संदेश फिरतोय: 'जुन्या सगळ्या फाइल पीडीएफ करून घ्या आणि मूळ फाइल काढून टाका, पीडीएफ कायम टिकते.' यातला काढून टाकण्याचा सल्ला कृपा करून पाळू नका.

दीर्घकाळ जतनासाठी ठरवलेलं स्वरूप साधी पीडीएफ नव्हे, पीडीएफ/ए आहे. आयएसओ १९००५ हे त्याचं मानक. पहिला भाग २००५ मध्ये आला. त्यात दिसणाऱ्या मजकुराचे फॉन्ट फाइलच्या आतच असावे लागतात आणि पासवर्डचं कुलूप चालत नाही. साध्या पीडीएफला हे बंधन नाही. फॉन्ट आत नसेल तर दुसऱ्या संगणकावर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसू शकतात.

शिवाय प्रत्येक फाइल म्हणजे छापील पान नसतं. हिशेबाची एक्सेल शीट घ्या. एका चौकटीत बेरजेचं सूत्र आहे, उत्तर ४,३२०. पीडीएफमध्ये उरतो तेवढा आकडा. तो कुठल्या रकान्यांतून आला, हे गेलं ते गेलंच. अशा फाइलची मूळ प्रत ठेवाच, जोडीला ओडीएस (स्प्रेडशीटचं खुलं स्वरूप, त्यात सूत्रंही राहतात) प्रत करा. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साध्या मजकुराची फाइल) हीही चांगली, पण पीडीएफसारखीच तिच्यात सूत्रं राहत नाहीत.

फोटोंचं थोडक्यात: जेपीईजीचं टिफ (फोटोचं दुसरं, मोठ्या फाइलचं स्वरूप) केल्याने गेलेला तपशील परत येत नाही, फाइल फक्त फुगते. जेपीईजी आहे तशीच राहू द्या.

रूपांतर झालं की दोन्ही फाइल शेजारी शेजारी उघडून बघा: पानं, तक्ते, तळटीपा. मी सगळ्यात आधी जोडाक्षरं तपासते, कारण बिघाड बहुधा तिथेच दिसतो.