म्हणे, थेरपिस्टला सगळे सारखेच!

पुण्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. थेरपिस्ट शिकलेला असतो, समोर बाई आहे की पुरुष, गे आहे की नाही, याने त्याच्या निदानात फरक पडत नाही. शंका वाटली तर बाई थेरपिस्ट गाठा. आता कायदाही आहे, तेव्हा 'क्वीअर-स्नेही', म्हणजे समलिंगी वगैरे लोकांना समजून घेणारा, समुपदेशक शोधणं ही नुसती फॅशन.

आधी शिक्षणाचं बघू. १९७० साली अमेरिकेत इंगे ब्रोव्हरमन आणि सहकाऱ्यांनी ७९ मानसोपचार व्यावसायिकांपुढे गुणांची यादी ठेवली. निरोगी पुरुष कसा, निरोगी स्त्री कशी, नुसता निरोगी माणूस कसा? माणूस आणि पुरुष जवळपास जुळले. 'निरोगी स्त्री' मात्र जास्त दबणारी, लवकर भावनावश होणारी निघाली. अभ्यास जुना आणि परदेशी, मान्य. पण उत्तरं देणारे काही अडाणी नव्हते. बाई थेरपिस्टचा तोडगाही इथेच निकालात निघतो: त्यांतल्या ३३ स्त्रियांनी पुरुषांसारखीच उत्तरं दिली.

आता लैंगिक कल. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणारा मुलगा समजा. परीक्षा पुढे गेलीय, घरून पैसे आटलेत, झोप उडालीय. तो थेरपिस्टकडे जातो. सुरुवातीचे प्रश्न नेमके येतात: झोपतोस किती वाजता, चहा किती होतो? मग बोलता बोलता तो 'माझा बॉयफ्रेंड' म्हणतो आणि गाडी वळते. वडील कडक होते का? लहानपणी काही घडलं होतं? झोप राहिली बाजूला. 'गर्लफ्रेंड' म्हणाला असता तर 'तिच्याशी बोललास का यावर?' एवढंच आलं असतं. यात थेरपिस्ट दुष्ट नसतो, आवाज अगदी मायेचा असतो. उलट 'मला काही फरक पडत नाही' म्हणणाराही चुकतो, कारण रूममेटला कळलं तर कॉट जाईल या धास्तीने पोरगा जागा आहे का, हे तो विचारतच नाही.

राहिला कायदा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात लैंगिक कलावरून भेदभावाला मनाई आहे. कल 'बदलून देण्याची' थेरपी २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने व्यावसायिक गैरवर्तन ठरवली. चांगलंच झालं. पण तो आयोग डॉक्टरांना जाब विचारतो, आणि प्रत्येक समुपदेशक डॉक्टर नसतो. शिवाय भलतीकडे वळलेल्या प्रश्नाची तक्रार करणार तरी कशी?

म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारावं: असे क्लायंट आधी पाहिलेत का, आणि आईवडिलांचा फोन आला तर त्यांना काय सांगता? दुसऱ्या उत्तराकडे कान द्या, त्यातून फी तेच भरत असतील तर जास्तच.