वापरलेलं पोस्टर विकणं म्हणजे चोरी नव्हे

जुन्या सिनेमांच्या पोस्टरांचा नाद असलेल्यांच्या मोबाइलवर एक संदेश फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: टॉकीजमध्ये लागलेली पोस्टरं, फोटोसेट (सिनेमातल्या दृश्यांचे लॉबीत लावायचे फोटो), शो-कार्डं, कटआउट हे सगळं निर्मात्याच्या मालकीचं असतं. ते विकणं म्हणजे कॉपीराइटचा भंग. विकत घेणाराही गुन्हेगार. त्यामुळे सिनेमा उतरला की हा माल फाडून टाकणं एवढाच कायदेशीर मार्ग उरतो.

एकपडदा टॉकीज एकामागून एक बंद पडताहेत. गोदाम रिकामं करायला निघालेल्या एखाद्या मालकाने हा संदेश खरा मानला, तर कित्येक वर्षांचा कागद एका दुपारी बंबात जाईल. म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहणं मला गरजेचं वाटतं.

"पोस्टर विकणं म्हणजे कॉपीराइटचा भंग."

नाही. कॉपीराइट चित्रावर असतो. ते चित्र ज्यावर छापलं त्या कागदाची मालकी ही वेगळी गोष्ट आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 14 उघडून बघा. कलाकृतीच्या हक्कदाराला तिच्या प्रती काढण्याचा आणि त्या लोकांपर्यंत आणण्याचा हक्क आहे. पण "आधीच चलनात असलेल्या" प्रती त्यातून स्पष्टपणे वगळल्या आहेत, आणि त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की एकदा विकली गेलेली प्रत चलनात आली असं समजायचं. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं राजरोस विकली जातात ती याच तत्त्वावर. तिथे कोणी लेखकाची परवानगी आणायला जात नाही.

म्हणजे वितरकाने टॉकीजला बिल लावून पोस्टरं दिली असतील, तर प्रश्न तिथेच मिटतो. फुकट दिली असतील तर एखादा वकील "विकली गेलेली" या शब्दावर बोट ठेवेल, हे मला मान्य आहे. पण जंगम वस्तू बक्षीस द्यायला कागदपत्र लागत नाही, ताबा दिला की पुरतं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 123 तेच सांगतं. ज्याने गठ्ठा टॉकीजच्या हवाली केला, परत कधी मागितला नाही, हिशेबात धरला नाही, त्याने स्वतःच त्या प्रती लोकांत सोडल्या. वर्षानुवर्षांनी येऊन "मी दिल्याच नव्हत्या" हे म्हणणं टिकायला कठीण आहे.

संदेशाचा घोटाळा झालाय तो पोस्टर आणि फिल्म यांची सरमिसळ केल्याने. फिल्मची प्रिंट टॉकीजला कधीच विकली जात नसे. ती भाड्याने यायची आणि खेळ संपले की पेटीत बसून पुढे जायची. शिवाय फिल्मच्या प्रतीची विक्री हा कलम 14 मध्ये हक्कदाराचा स्वतंत्र हक्क आहे. त्यामुळे प्रोजेक्शन केबिनमध्ये विसरलेली रिळं सापडली तर ती भंगारात देऊ नका, विकूही नका. ट्रेलरचं रीळसुद्धा फिल्मच. पोस्टर मात्र कायद्याच्या लेखी कलाकृती आहे, फोटोही त्याच व्याख्येत येतो, आणि फिल्म व कलाकृती यांना नियम वेगळे आहेत.

"पोस्टर टॉकीजचं नसतंच, ते निर्मात्याचं किंवा वितरकाचं."

यात अर्धं सत्य आहे, आणि या एकाच मुद्द्यावर खरी काळजी घ्यायला हवी.

ही समजूत बहुधा अमेरिकन पोस्टरांवरून आली असावी. तिकडे 1940 पासून पुढची चारेक दशकं मोठ्या स्टुडिओंची पोस्टरं बव्हंशी नॅशनल स्क्रीन सर्व्हिस नावाची कंपनी थिएटरांना पुरवत असे. त्या पोस्टरांच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असे की हे पोस्टर कंपनीच्या मालकीचं आहे, फक्त या थिएटरात हा सिनेमा चालू असताना लावायला दिलं आहे आणि खेळ संपताच परत करायचं आहे. म्हणजे तिथे व्यवहारच भाड्याचा होता. थिएटरने असं पोस्टर परस्पर विकलं तर चूक त्याचीच. आपल्या कायद्यातही निकाल हाच लागेल. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे ही निक्षेपाची, म्हणजे परत देण्याच्या बोलीवर ठेवायला दिलेली वस्तू होते, आणि 1930 च्या मालविक्री कायद्याचं कलम 27 सांगतं की विकणाऱ्याकडे जेवढी मालकी असेल त्याहून जास्त घेणाऱ्याला मिळत नाही.

पण हा नियम उचलून आपल्याकडच्या प्रत्येक कागदावर चिकटवता येत नाही. टॉकीजच्या गोदामातून आलेलं एखादं जुनं हिंदी किंवा मराठी पोस्टर हातात घेऊन पाहा. आठ घड्या, चारही कोपऱ्यांत टाचण्यांच्या गंजाचे डाग, खालच्या कडेला खळीने चिकटवलेली "आजपासून" किंवा "दररोज 3 खेळ" अशी पट्टी, मागे निळ्या पेन्सिलीत गावाचं नाव. निर्मात्याचं नाव असतं, छापखान्याचं असतं, कधी वितरकाचा शिक्का असतो. "परत करा" असा मजकूर मी हाताळलेल्या पोस्टरांवर मला दिसलेला नाही. आणि तो असणार तरी कसा? बहुतेक पोस्टरं भिंतीवर जायची. पहाटे बादली-झाडू घेऊन निघालेला माणूस मागच्या आठवड्याच्या पोस्टरवरच खळ फासून नवं डकवायचा. जी वस्तू भिंतीवर संपवण्यासाठीच धाडली, तिच्यातल्या उरलेल्या चार प्रती परत यायच्या होत्या हे पटण्यासारखं नाही.

फोटोसेटचं तसं नाही. तो प्रिंटच्या पेटीसोबत पुढच्या केंद्रावर पाठवायचा असं ठरलं असेल तर तो टॉकीजचा कधीच झाला नाही. आजच्या मल्टिप्लेक्सच्या लॉबीत उभ्या असलेल्या पुठ्ठ्याच्या स्टँडींचंही तेच: करारात परत करा किंवा नष्ट करा असं लिहिलं असेल तर सही करणाऱ्याला ते पाळावंच लागेल. थोडक्यात, सगळं करारावर आहे. "नेहमी वितरकाचं" हे जितकं चूक, तितकंच "नेहमी टॉकीजचं" हेही.

आणखी एक गोष्ट. टॉकीजचं म्हणजे टॉकीजच्या मालकाचं. डोअरकीपरने किंवा ऑपरेटरने न विचारता घरी नेलेला गठ्ठा त्याचा होत नाही. मालकाने "घेऊन जा रे" म्हटलं असेल तर होतो.

"त्यावर 'विक्रीसाठी नाही' असं छापलेलं असतं, मग विषयच संपला."

छापलेल्या ओळीने करार होत नाही. हा प्रश्न अमेरिकेतल्या कोर्टांनी दोनदा फार स्वच्छपणे सोडवला आहे. 1908 च्या खटल्यात प्रकाशकाने कादंबरीत छापलं होतं की एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकल्यास कॉपीराइटचा भंग समजला जाईल. मेसीज या दुकानाने ती 89 सेंटला विकली. सुप्रीम कोर्टाने निकाल दुकानाच्या बाजूने दिला: प्रत एकदा विकली की पुढच्या विक्रीवर प्रकाशकाची हुकमत उरत नाही. दुसरा खटला आपल्या विषयाला आणखी जवळचा, कारण तो थेट प्रसिद्धीच्या मालाचा होता. युनिव्हर्सल म्युझिकने रेडिओवाल्यांना, समीक्षकांना फुकट सीडी पाठवल्या. त्यांवर "फक्त प्रसिद्धीसाठी, विक्रीसाठी नाही" असं छापलं होतं आणि मालकी कंपनीकडेच राहील असंही बजावलं होतं. ट्रॉय ऑगस्टो नावाच्या माणसाने त्या मिळवून ईबेवर विकल्या. 2011 मध्ये अपील कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. न मागता पाठवलेला, परत न मागितलेला, ज्याचा माग ठेवला नाही असा माल घेणाऱ्याचा झाला, वर काहीही छापलेलं असो.

हे निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाहीत. पण त्यामागचा विचार आपल्या कायद्याशी जुळणारा आहे. अट लागू होते ती ती मान्य करणाऱ्याला. चोरबाजारातून तिसऱ्या हाताने पोस्टर घेणाऱ्याने निर्मात्याशी कसलाच करार केलेला नसतो.

"विकत घेणाराही गुन्हेगार."

हे वाक्य निव्वळ भीती घालण्यासाठी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली चोरीचा माल बाळगल्याचा गुन्हा व्हायला माल चोरीचा असावा लागतो, आणि तो चोरीचा आहे हे घेणाऱ्याला माहीत असावं किंवा तसं मानायला सबळ कारण असावं लागतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 मध्येही जाणूनबुजून केलेला भंगच धरला आहे. उघड्या दुकानातून, योग्य किमतीला, पावती घेऊन जुनं पोस्टर घेणारा यात कुठेच बसत नाही.

कॉपीराइट मोडला जातो तो दुसरीकडेच, आणि संदेशात त्याबद्दल अवाक्षर नाही. मूळ पोस्टर स्कॅन करून त्याच्या नव्या प्रती, टी-शर्ट, कॉफीचे मग छापून विकणं, याला हक्कदाराची परवानगी लागते. कागद तुमचा झाला म्हणून चित्र छापण्याचा हक्क तुमचा होत नाही, आणि कलाकृतीवरचा हक्क कलाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. अशा नव्या प्रती चहाच्या पाण्यात बुडवून जुन्या म्हणून खपवणं ही तर सरळ फसवणूक. ज्यांना खरोखर कायद्याची चाड आहे त्यांनी या धंद्याविरुद्ध संदेश फिरवावेत.

"फाडून टाकणं हाच एकमेव मार्ग."

मला सगळ्यात जास्त त्रास देणारं वाक्य हे. असा कोणताही कायदा नाही. नष्ट करण्याची सक्ती येईल ती फक्त करारातून.

आणि फाडून काय साधतं? "आलम आरा", 1931 चा आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रिंट आज उपलब्ध नाही. तो सिनेमा कसा दिसत होता हे आपण फोटोंवरून आणि छापील कागदांवरून ओळखतो. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या "कल्याण खजिना"चं 1924 चं पोस्टर हे टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या सचित्र भारतीय पोस्टरांपैकी एक मानलं जातं. ते उरलं, कारण कोणीतरी ते फाडलं नाही. बाबूराव, पुढे जी. कांबळे, दिवाकर करकरे या माणसांच्या हातची ही चित्रं. त्यांच्या पिढ्यांनी केलेलं काम टॉकीजच्या भिंतीवर आठवडाभर राहिलं आणि पावसात गेलं. चित्र दुसऱ्याने पैसे देऊन चित्रकाराकडून काढवून घेतलं की कलम 17 प्रमाणे, वेगळं ठरलं नसेल तर, हक्क चित्रकाराकडे राहत नाही. कलम 53अ मध्ये मूळ चित्र 10,000 रुपयांवर पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला वाटा देण्याची तरतूद आहे, पण ती पहिला हक्क ज्याचा होता त्यालाच, आणि छापील प्रतींना ती लागूच नाही. कलावंताच्या हक्कांचा कैवार घ्यायचा तर इथे भांडायला भरपूर जागा आहे. त्याचं उरलंसुरलं काम फाडायला सांगणं हा कैवार नाही.

शंभर वर्षं उलटलेल्या पोस्टरांबाबत मात्र जपून. 1972 चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षं जुन्या कलावस्तूंना लागू होतो. 1920 च्या दशकातलं पोस्टर त्यात येऊ शकतं, आणि मग खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही, त्याचा धंदा करायलाही परवाना लागतो. परदेशातल्या नातेवाइकाला पार्सल करण्याआधी एवढं तपासा.

टॉकीजच्या मालकांनी करायचं ते सोपं आहे. वितरकांचे जुने करार सापडले तर वाचा, परत करायची अट असलेला माल वेगळा काढा. बाकीचा विकताना साध्या पावतीवर सिनेमाचं नाव, नगांची संख्या, टॉकीजचं नाव आणि "आमच्या मालकीचा माल" एवढं लिहून सही करा. विकायचं नसेल तर पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. 1964 मध्ये सुरू झालेली ही संस्था फिल्मबरोबर पोस्टरं, फोटो आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जपते. गठ्ठा उघडायच्या आधी त्यांना विचारा, कारण खळीने एकमेकांना चिकटलेले ताव घाईने सोडवायला गेलं की चित्राचा पापुद्राच निघून येतो.