टॉवेल अजून वाळतोय

उष्ण कटिबंधातल्या बेटावर राहतो म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माड, वाळू आणि निळंशार पाणी येतं. माझ्या डोळ्यांपुढे परवा धुतलेला टॉवेल येतो.

पावसाबद्दल माझी तक्रार नाही. तो येतो, कोसळतो, जातो. छळते ती मागे मुक्कामाला राहिलेली ओल. त्यातही नशीब डोंगराच्या बाजूवर ठरतं. वाऱ्याकडच्या उतारावर ढग चढतात, गार होतात आणि तिथेच रिते होतात. पलीकडच्यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. हवाई बेटांपैकी काउआईच्या वायलेआले शिखरावर वर्षाला 11,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच बेटाचा पश्चिम किनारा कोरडा असतो. तेव्हा घर पसंत करताना खिडकीतून समुद्र किती दिसतो ते पाहू नये, मागच्या भिंतीवर शेवाळ किती चढलंय ते पाहावं.

आता टॉवेलचा हिशेब. 4 बाय 3 मीटरची, 3 मीटर उंच खोली घ्या. हवा झाली 36 घनमीटर. 30 अंशांना घनमीटरभर हवेत फार तर 30 ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता 85 टक्के असेल, तर अख्ख्या खोलीत आणखी जागा उरते जेमतेम 160 ग्रॅमची, म्हणजे कपभर पाण्याची. आणि मशीनमधून पिळून निघालेल्या 5 किलो कपड्यांत पाणी असतं अडीच लिटरच्या घरात. एका खाटेवर पंधरा पाहुणे झोपवण्याचा हा प्रकार आहे. पाऊस आत येईल म्हणून खिडक्या घट्ट लावून घेणारे लोक नेमकं हेच करतात आणि मग भिंतींना घाम फुटला म्हणून हवामानाला शिव्या घालतात.

खिडकी किलकिली का होईना उघडी हवी. पिळण्याचं चक्र दोनदा चालवावं. पंख्याने तासभरात जे पाणी निघणार नाही ते मशीन पाच मिनिटांत काढतं. दोन कपड्यांत मूठभर अंतर ठेवावं, पँटी उलट्या करून खिसे बाहेर काढावेत आणि पंखा छताचा नको, टेबलावरचा हवा, कपड्यांच्या कडेने वारा जाईल असा. तरीही कुबट वास आलाच, तर तो मोराक्सेला नावाच्या जिवाणूचा उद्योग असतो. त्यावर सुगंधी द्रव ओतलं की कुबट गुलाबाचा वास येतो, एवढाच फरक. 60 अंशांच्या पाण्यात धुणं हा खरा उपाय. अर्थात कापडाला ते सोसत असेल तर.

बुटांची तऱ्हा वेगळी. आतले तळवे काढायचे, वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि दर दोन तासांनी बदलायचे. रात्रभर तेच बोळे ठेवले, तर सकाळी बातम्याही ओल्या आणि बूटही ओले. घाई म्हणून शेगडीजवळ ठेवले, तर गोंद सुटतो आणि बूट तोंड उघडून हसायला लागतो.

हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं. बाकी सगळं नुसतं सादळतं, मीठ सरळ शरण जातं. त्यात तांदळाचे दाणे टाकायची पद्धत आहे. त्याने गुठळ्या फुटतात, ओल हटत नाही. घट्ट झाकण लावणं जास्त बरं, पण त्याला जादू म्हणता येत नाही, म्हणून कुणी सांगत नाही.

कपाट भिंतीला चिकटवू नये, चार बोटं जागा सोडावी. नाहीतर मागे हिरवी मखमल उगवते. आत ओल शोषणारा कॅल्शियम क्लोराइडचा डबा ठेवतात. काम चोख करतो, पण शोषलेल्या पाण्याचा खारट रस त्याच्याच तळाशी साठतो. तो चामड्याच्या पट्ट्यावर सांडला, की आपण बुरशीपासून वाचवलेली वस्तू स्वतःच्या हाताने मारलेली असते. सिलिका जेल त्या मानाने सभ्य: रंग बदलला की 120 अंशांच्या भट्टीत दोन तास, पुन्हा कामावर रुजू.

छप्पर गळतं तेव्हा थेंब पडतो तिथे भोक नसतं. पाणी पत्र्याच्या पोटाला चिकटून उताराने वाशापर्यंत घरंगळतं आणि मग मर्जी होईल तिथे टपकतं. म्हणून शोध थेंबापासून चढाच्या दिशेने घ्यावा आणि कोरड्या दिवशीच घ्यावा. बहुतेक वेळा स्क्रूखालचा रबरी वॉशर उन्हाने तडकलेला असतो, नाहीतर खाऱ्या हवेने स्क्रूचं डोकंच खाल्लेलं असतं. टपकणाऱ्या पाण्याखाली ठेवलेली बादली मात्र रोज ओतावी. एडिस डासाला अंड्यापासून पंखांपर्यंत आठवडा-दीड आठवडा पुरतो.

छत्रीचं काय? वारा असला की पाऊस आडवा येतो आणि छत्री फक्त केस वाचवते. रेनकोट घातला तर बाहेरून कोरडे, आतून घामाने निथळते. मी चपला आणि पटकन वाळणाऱ्या कपड्यांच्या पक्षाचा आहे: भिजावं, पोचावं, घट्ट बांधलेल्या पिशवीतले कोरडे कपडे चढवावेत.

मधूनच वीस मिनिटं ऊन पडतं. तेव्हा आधी गादी-उशा बाहेर, मग बूट, मग कपाटाची दारं सताड उघडी. पुन्हा सर आली, की आत घेतानाही उशा पहिल्या, कारण एकदा भिजलेली उशी आठवडाभर वाळत नाही. टॉवेलचा नंबर शेवटी. म्हणून तो अजून दोरीवरच आहे.