मैत्री आधी की नाटक आधी?

विद्यार्थ्यांच्या नाट्यमंडळांवरचा एक लेख वाचला. त्यात म्हटलंय की प्राचीन, अभिजात नाटकं करणाऱ्या, विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या मंडळात आधी मैत्री जमते, मग नाटक उभं राहतं, आणि सर्जनशीलताही फुलते. मैत्रीबद्दल माझा अनुभव नेमका उलटा. आम्ही ग्रीक शोकांतिका करत होतो तेव्हा आमचं एकमेकांशी धड पटतही नव्हतं. पण कोरस, म्हणजे या नाटकांत एकत्र बोलणारा नटांचा समूह, हा प्रकारच असा आहे, की सगळ्यांनी एका श्वासात बोलायचं. एकाने घाई केली की ओळ फुटते. महिनाभर शेजारच्याचा श्वास ऐकत उभं राहिलं की रुसवे-फुगवे धरायला ताकदच उरत नाही. (प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसने कोरसमधली माणसं १२ वरून १५ केली म्हणतात. आम्ही जेमतेम सात होतो, ते सोडा.)

सर्जनशीलतेबद्दल मात्र लेखाशी सहमत, फक्त ती अडचणीतून येते हेही लिहायला हवं होतं. प्राचीन अथेन्समध्ये तीनच नट मुखवटे बदलून सगळ्या भूमिका निभावायचे. माणसं कमी पडली तेव्हा आम्हीही तेच केलं. शिवाय या नाटकांत खूनखराबा बहुधा रंगमंचाबाहेर होतो आणि निरोप्या येऊन सांगतो. पैसे नसलेल्या मंडळाला यापेक्षा काय हवं! तालमीत त्या निरोप्याच्या भाषणावरूनच सर्वांत जास्त भांडणं झाली. कापायचं की नाही? शेवटी एक शब्दही कापला नाही. तो निरोप्या आजही फोनवर ‘हॅलो’ म्हणत नाही, थेट भाषणाची पहिली ओळ म्हणतो.