नीरा उन्हं चढायच्या आत प्यायची, मग बिअर कधी?

मागच्या महिन्यात मामा सांगलीहून आले होते. आयुष्यभर स्ट्राँग बिअर पिणारा माणूस. बाटलीवर तसं लिहिलं नसेल तर वेटरला परत पाठवणार. त्यांना एका मायक्रोब्रुअरीत, म्हणजे स्वतःची बिअर स्वतःच बनवणाऱ्या छोट्या ठिकाणी नेलं आणि हेफेवायझन मागवली, म्हणजे जर्मन धाटणीची गव्हाची बिअर. मामांनी ग्लास उजेडाकडे धरला. "गढूळ आहे रे. गाळून आणायला सांग की."

मामा, तो गढूळपणा यीस्टचाही आहे, असं मी समजावत होतो. तोवर त्यांनी वास घेतला. "शिकरण केलीय का ह्यात?"

मी हसलो, पण नाक त्यांचं पक्कं. या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतोच. आत ना केळं असतं ना लवंग, ही सगळी करामत बिअर आंबवणाऱ्या यीस्टची. आणि हा वास फार दिवस टिकत नाही.

'कुठली क्राफ्ट बिअर (छोट्या ब्रुअरीत बनणारी) चांगली?' असं मित्र विचारतात, तेव्हा मी आधी विचारतो, तू कुठे आहेस? नावं नंतर. नीरा आपण पहाटे का पितो? उन्हं चढली की ती आंबते, तिची ताडी होते. गोव्यात हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारूही काजूच्या हंगामातच प्यायची. ही समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, फक्त बिअरच्या बाबतीत आपण ती गहाण ठेवली. बिअर म्हणजे वाइन शॉपच्या फ्रीजमधली बाटली, कधी भरली कोण बघतो! टाकीतून थेट ग्लासात येणारी बिअर बहुतेक वेळा पाश्चराइज केलेली, म्हणजे टिकावी म्हणून तापवलेली नसते. तिला थंडावा लागतो आणि लवकर पिणारी माणसं लागतात, म्हणून ती जिथली तिथेच, ताजी प्यावी.

यातली गंमत म्हणजे आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. इंग्लंडहून बोटीने हिंदुस्थानात येताना तग धरावा म्हणून जास्त हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) घातलेली बिअर, अशी तिची ख्याती. आज तीच मे महिन्यात ट्रकमध्ये चार दिवस तापली की हॉप्सचा वास उडतो आणि उरतो निव्वळ कडवटपणा. अशी एक बाटली मी मराठवाड्यातल्या एका हॉटेलात चांगले पैसे मोजून प्यायलोय. काढा बरा.

तर माझी आवडती मंडळी. पहिला मान डूलालीचा, कारण 2009 साली पुण्यात महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी त्यांनी काढली. नावही अस्सल इथलं आहे. नाशिकजवळच्या देवळालीत इंग्रजांची छावणी होती. मुदत संपलेले सोल्जर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथे महिनोन्‌महिने पडून असायचे. उन्हाने, रिकामपणाने डोकं फिरायचं. त्याला ते म्हणायचे 'डूलाली टॅप'. टॅप म्हणजे आपला ताप! देवळालीचा ताप इंग्रजी शब्दकोशात गेला आणि पुण्यात बिअर होऊन परत आला. त्यांची अ‍ॅपल सायडर, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेलं पेय, बिअर न पिणाऱ्यांनाही आवडते. बायकोचा अनुभव.

पण माझा जीव अडकलाय तो पुण्याच्याच ग्रेट स्टेट एल वर्क्सच्या मीठ घातलेल्या कोकमाच्या बिअरमध्ये. जर्मनीत गोस्लार गावाची 'गोझे' म्हणून जुनी आंबट-खारट बिअर आहे, तिच्यात मीठ आणि धणे घालतात. तिला आपलं कोकम भेटलं तर परकं वाटेल कशाला? पहिल्या घोटाला मला आजोळची माजघरातली कोकम आगळाची बरणी आठवली. सोबत रवा लावून तळलेले बोंबील हवेत, चखण्याचे शेंगदाणे नकोत. याच्या उलट आंब्याचं सिरप ओतून 'हापूस बिअर' म्हणून विकतात ना, त्याला माझा ठाम विरोध आहे. गोड पिवळं पाणी प्यायचं तर पन्हं काय वाईट?

पुण्यात मुंढव्याच्या इंडिपेन्डन्स ब्रुअरीची फोर ग्रेन सेझाँही जरूर प्या. सेझाँ ही मुळात बेल्जियमच्या शेतावरची बिअर, हिवाळ्यात करून ठेवायची आणि उन्हाळ्यात राबणाऱ्या गड्यांना द्यायची. कोरडी, किंचित मिरीसारखी. माझ्या मते ती भाकरी-ठेच्याबरोबर प्यावी, पण पबवाले ठेचा ठेवत नाहीत आणि घरचा डबा आत नेऊ देत नाहीत. तांबड्या रश्शाबरोबर मात्र आयपीए घेऊ नका, कडू आणि तिखट एकमेकांना चढवतात.

गोव्यात गेलात तर आर्बर ब्रुअरीची बीच शॅक, आणि गोवा ब्रुइंगची एट फिंगर एडी. दोन्ही आयपीए. एडी हा अंजुण्यातला जुना हिप्पी, तिथल्या फ्ली मार्केटच्या सुरुवातीशी त्याचं नाव जोडलेलं आहे. त्याच्या नावाची बिअर पुण्यात मागवून पिण्यापेक्षा तिथेच, समुद्राचा वारा खात प्यावी. नीरेचा नियम इथेही लागू.

महाग आहे, मान्य. एका ग्लासाच्या पैशात घरची सगळी मिसळ खाऊन येतील. म्हणून मी महिन्यातून एकदाच जातो आणि रिक्षाने परत येतो.

त्या दिवशी मामांनी दुसरा ग्लास बेल्जियन विटबिअरचा, म्हणजे तिकडच्या गव्हाच्या बिअरचा घेतला. तिच्यात धणे आणि संत्र्याची साल असते, असं मी उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "धणे मामीच्या आमटीत पुरेत. आणि चढत तर काहीच नाही." परवा सांगलीहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच विचारलं, "ती शिकरणवाली इकडं कुठं मिळंल का रे?"