‘रक्त पडत नाही, मग दुर्बीण कशाला?’ हा मेसेज पुढे पाठवू नका

“कोलायटिस आटोक्यात असेल, रक्त पडत नसेल, तर कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) म्हणजे नुसता खर्च. संडासची तपासणी आणि सीईए (रक्ताची एक तपासणी) पुरे. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो.” हा मेसेज मला या महिन्यात तीनदा आला, एकदा सख्ख्या मामांकडून. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येण्याचा जुनाट आजार) होऊन 11 वर्षं झाली, म्हणून उत्तर देतेय.

रक्त थांबलं, फार चांगलं झालं. पण कॅन्सरच्या आधीचा बदल, डिस्प्लेसिया, दुखत नाही आणि रक्त पाडेलच असंही नाही. वर्षानुवर्षं सूज सोसलेल्या अस्तरात तो होतो. उलट दुर्बिणीची ही तपासणी आजार शांत असतानाच करायची असते. सुजलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली डिस्प्लेसियासारख्या दिसून घोळ होतो.

संडासची तपासणी लपलेलं रक्त शोधते. कोलायटिसमध्ये रक्त कॅन्सरशिवायही येतं, आणि सपाट डिस्प्लेसिया असूनही ते नसू शकतं. दोन्हीकडून फसगत. सीईए तर मुख्यतः कॅन्सर झालेल्या पेशंटवर लक्ष ठेवायला वापरतात.

मागच्या खेपेला नागपुरात धंतोलीतल्या डॉक्टरांनी मला दोन फोटो शेजारी ठेवून दाखवले. एक साध्या उजेडातला, गुलाबी, गुळगुळीत. दुसरा त्याच जागेचा, मिथिलीन ब्लू फवारल्यावरचा: निळा रंग खाचांत बसलेला आणि मधोमध नखाएवढा, किंचित उठलेला डाग. पहिल्या फोटोत तो बोट ठेवून दाखवला, तरी मला दिसला नाही. तुकडा तपासला, लो ग्रेड (कमी तीव्रतेचा) डिस्प्लेसिया निघाला. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टनेही तेच सांगितलं. तेवढा भाग दुर्बिणीतूनच काढला. माझं आतडं शाबूत आहे. चिमट्याने घेतलेल्या तांदळाच्या कणीएवढ्या तुकड्याने कॅन्सर पसरत नाही. तो तुकडा घेतला नसता तर मला काहीच कळलं नसतं.

सगळ्यांनी दरवर्षी करा, असं मी म्हणत नाही. आजार फक्त गुदाशयापुरता असेल तर ही खास देखरेख सहसा लागत नाही. बाकीच्यांनी लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण 8 वर्षांनी पहिली दुर्बीण करावी, पुढे धोक्यानुसार 1 ते 5 वर्षांनी. सोबत यकृताच्या पित्तनलिकांचा पीएससी हा आजार असेल तर मात्र निदान झाल्यापासूनच, दरवर्षी.

खर्चाची अडचण खरी आहे. आपल्या नागपूरच्या ‘सुपर’मध्ये (सरकारी सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमध्ये) गॅस्ट्रोचा, म्हणजे पोटाच्या आजारांचा विभाग आहे, तिथे जाऊन विचारा. मामांनाही काल फोनवर हेच सांगितलं. त्यांच्या मेहुण्यांना कोलायटिस होऊन 14 वर्षं झालीत आणि दुर्बीण एकदाही झालेली नाही.