नुसतं कॉपी कर की!

डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाला कौतुकाचे फोन येत नाहीत. येतो तो डिस्क भरल्याचा. आणि साहेबांचा उपाय ठरलेला : "अरे, जुना माल उडवून टाक!" जणू त्या मालात माझा जीव अडकलाय.

उडवतो. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमधल्या लाखो ओळी डिलीट करतो. डिस्क जैसे थे! कारण डिलीट केलेली ओळ जागेवरच पडून राहते, फक्त मेली म्हणून तिची नोंद होते. मागाहून व्हॅक्यूम नावाची त्याची साफसफाई येते आणि ती जागा मोकळी जाहीर करते, पण बहुतेक वेळा त्याच टेबलाच्या पुढच्या ओळींसाठी. भाडेकरू गेला, कुलूप मात्र त्याचंच! जागा खरोखर परत हवी तर व्हॅक्यूम फुल हा हुकूम. तो टेबलाची नवी प्रत लिहितो आणि मग जुनी टाकतो. म्हणजे जागा करायला आधी जागा हवी. शिवाय तोवर टेबल सगळ्यांना बंद. (मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी हसू नये. त्यांची आयबीडेटा ही डेटाची जुनी फाइल नुसती फुगते, आतलं कितीही पुसा.)

मग साहेब स्वतः सर्व्हरवर उतरतात. फाइलींची नावं बघतात : 16384, 16397, 16397.1. "यात ग्राहक कुठे आहेत?" नावावरून ते देवालाही कळणार नाही. शिवाय टेबल 1 जीबीच्या वर गेलं की त्याचे तुकडे पडतात. आमची आवृत्ती जुनी, त्यामुळे साहेबांना पीजी_एक्सलॉग फोल्डर सापडलं. "लॉगच ना? उडव!" डेटाबेस प्रत्येक बदल आधी तिथे लिहितो, ते उडवलं तर तो पुन्हा उठेलच असं नाही. असे साहेब जगभर असावेत, कारण 2017 मध्ये आलेल्या 10 व्या आवृत्तीत त्या फोल्डरचं नावच बदलून पीजी_वॉल केलं, म्हणजे नावात 'लॉग' दिसायलाच नको.

राहता राहिला बॅकअप. "फोल्डर कॉपी कर, त्यात काय!" चालू डेटाबेसची नुसती कॉपी मारली तर एक फाइल सकाळची, दुसरी दुपारची, आणि 8 केबीचं एखादं पान अर्धं जुनं, अर्धं नवं. म्हणून पीजी_डंप हा पोस्टग्रेसचा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम चालवला. तो सगळा डेटा एकाच क्षणाचा उचलतो. साहेब खूश.

"आता या बॅकअपवरून डेटाबेस रिस्टोअर करून बघतो," मी म्हणालो. "वेळ लागेल. डंपमध्ये इंडेक्स, म्हणजे डेटा पटकन शोधायच्या सूच्या, नसतात, ते बनवायचे हुकूम असतात. सगळे नव्याने बांधावे लागतील."

"कशाला उगाच? बिघडेल तेव्हा बघू की!"